पेटी, पडदा आणि परिपाठ



वसंतात व्याख्याने भरवण्याचा प्रघात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडला. पुढे तो गावोगाव पोचला आणि आपल्या गावानेही तो उचलला. अशा व्यासपीठावर विद्वान माणसे बोलत आली आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा "कामगार चळवळ" हे उत्तर त्यांना अपेक्षित असावे. आम्ही म्हटले, शिक्षिका होऊ घातलेल्या एका मुलीच्या मनात दिवसभर जे प्रश्न येतात, त्यांवर बोलू. त्यात कामगार चळवळ कोठे आहे, ते शेवटी आपोआप दिसेल.

ही मुलगी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची. प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या एका शाळेत तिचे सराव पाठ चालू आहेत. संध्याकाळी वडिलांना डबा द्यायला संघटनेच्या कचेरीत येते आणि "काका, एक विचारू?" म्हणून सुरुवात करते. तिला तीन गोष्टींचा नाद आहे. एक गाणे; दुसरे, संगणक आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या, ज्यांना आपण सारे आता सॉफ्टवेअर म्हणतो; तिसरे, रोजच्या बातम्या. कोणी म्हणेल, हे तीन छंद झाले, यात शिक्षणाचा काय संबंध? पण सकाळी शाळेच्या परिपाठाला उभे राहून पाहा. प्रार्थना असते, म्हणजे गाणे आले. मग बातम्या आणि दिनविशेष येतात. आणि त्या बातम्या आज मुले वर्तमानपत्रातून कमी व मोबाइलच्या पडद्यावरून जास्त आणतात. अवघ्या पंधरा-वीस मिनिटांत या मुलीचे तिन्ही नाद एका रांगेत उभे असतात.

पहिला प्रश्न तिने पेटीविषयी विचारला. "काका, पेटीत मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. मग पेटीवर मुलांना गाणे शिकवणे म्हणजे चुकीचे शिकवणे का?"

प्रश्न जुना आहे आणि त्यावर मोठमोठे लोक भांडले आहेत. पेटी मूळची युरोपातली; आपल्याकडे ती जमिनीवर मांडी घालून, एका हाताने भाता हलवीत वाजवण्याजोगी झाली. तिचे सूर पक्के बसवलेले, गळ्यासारखे हलत नाहीत. या कारणावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपले दार बंद केले आणि १९७१ पर्यंत ते किलकिले केले नाही. त्या तीस वर्षांत संगीत नाटके पेटीवर चालली, भजने पेटीवर चालली, शाळांतली गाणी पेटीवर चालली. कारण साधे आहे. पेटी पुन्हापुन्हा जुळवावी लागत नाही, तिला दुसरा साथीदार लागत नाही, आणि ती वाजवताना शिक्षकाचे तोंड मुलांकडे राहते. चाळीस मुलांच्या वर्गात या तिसऱ्या गुणाची किंमत फार मोठी.

आम्ही त्या मुलीला म्हटले, पोरी, कोणत्याही हत्याराला काय येत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती ते हत्यार चांगले. पेटीवर सूर दाखव, आणि मींड स्वतःच्या गळ्याने दाखव. मुलांना सांग, "हे पेटीला जमत नाही, तुम्हांला जमते."

पण यापेक्षा मोलाची गोष्ट पुढे आहे. शाळेत गाणे आले कोठून? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रोक्त गाणे घराण्यांच्या कुलुपात होते. शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा एखादी बंदिश पदरात पडावी. कुरुंदवाडला जन्मलेले, लहानपणी डोळ्यांना इजा होऊन दृष्टी गमावलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला शिकले, देशभर हिंडले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. कोणीही फी भरावी आणि वर्गात बसून शिकावे, अशी सोय केली. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे हे शिक्षणाने वकील. ते गावोगाव फिरले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने छापून मोकळ्या केल्या. ज्याला वाचता येते त्याला त्या उघडून पाहता येऊ लागल्या.

येथे आम्हांला उस्तादांचीही बाजू मांडावीशी वाटते. विद्या दडवली म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ती विद्या हेच त्यांचे शेत आणि तोच त्यांचा भाता. संस्थानिकाची मर्जी गेली की उपासमार. उद्या ज्याच्या चुलीची शाश्वती नाही, तो मूठ मिटूनच ठेवणार. हे वाक्य लक्षात असू द्या. आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

दुसरा प्रश्न पडद्याचा. ज्या शाळेत तिचे सराव पाठ चालू आहेत, तेथे जुन्या प्रश्नपत्रिका संगणकात साठवलेल्या आहेत. तिने एक उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. तो मजकूर एका खाजगी फॉन्टमध्ये टंकलेला होता. तो फॉन्ट या यंत्रावर नाही, म्हणून बाईंनी मेहनतीने काढलेले प्रश्न वाचता येईनात. ती चिडून म्हणाली, "काका, आपलेच लिहिलेले आपल्यालाच वाचता येऊ नये?"

हे दुखणे किती वर्षे आपण सोसले! प्रत्येक कंपनीची देवनागरी वेगळी; एकीचे लेखन दुसरीला कळू नये. यावर तोड निघाली ती सर्वांनी मिळून एकच क्रमांकन मान्य केल्यामुळे. त्याला युनिकोड म्हणतात. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. पण एक मौज पाहा. 'ॲसिड', 'ॲल्युमिनियम' हे शब्द कारखान्यातल्या माणसाच्या तोंडी रोजचे. त्यांतले 'ॲ' हे मराठी वळणाचे अक्षर त्या संचात स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. अक्षरसुद्धा आपोआप मिळत नाही. कोणीतरी मागणी लावून धरावी लागते. हे आमच्यासारख्याला पटकन समजते.

यंत्राच्या बाबतीत याहून बोलकी एक हकिकत आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक आज्ञावलीकार होता. तेथल्या छपाईयंत्रात कागद अडकला की दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला ते कळत नसे. जुन्या यंत्राची आज्ञावली त्याने स्वतः दुरुस्त केली होती. कागद अडकला की सूचना येई. पुढे नवे यंत्र आले, पण त्याची आज्ञावली कंपनीने दिली नाही. ज्याच्यापाशी ती होती, त्याने "मी गुप्ततेचा कागद सही करून दिला आहे" म्हणून नकार दिला. लेथवर उभा राहणारा कोणीही कामगार याचा अर्थ सांगेल. यंत्र चालव, घाम गाळ, पण त्याचे झाकण उघडू नकोस. स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केले की आपण अशा आज्ञावल्या लिहू, ज्या कोणालाही वापरता, उघडून पाहता, सुधारता आणि वाटता येतील. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून त्यात भर घातली. पुढे जगभरच्या हजारो हातांनी ते काम वाढवले. आपल्याच देशात केरळने शाळांतील संगणकांसाठी हा मार्ग धरला. तेथील शिक्षकांना त्याचे शिक्षण दिले.

म्हणजे भातखंड्यांनी बंदिशीचे जे केले, तेच या मंडळींनी यंत्राच्या आज्ञेचे केले. आणि शिक्षकाला याचे महत्त्व इतरांहून अधिक. जे आपल्याला उघडून पाहता येत नाही ते आपण दुसऱ्याला शिकवू शकत नाही. फार तर कोणती कळ दाबायची ते सांगू शकतो.

आता तिसरा प्रश्न, बातमीचा. येथे आवाज खाली करून बोलावे लागते.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात पसरलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, त्या बाजारात आली. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. मुले पळवणारी टोळी नव्हतीच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगली, पण पाच जीव तिच्या आधी गेले होते.

त्या जमावातली माणसे शाळेत गेलेली नव्हती काय? बरीचशी गेली असतील. निरोप वाचण्याइतके अक्षरज्ञान तर होतेच. उणीव होती ती बातमी उघडून पाहण्याच्या सवयीची.

एके काळी गाणे हेच कामगाराचे वर्तमानपत्र होते. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३ साली स्टालिनग्राडचा पवाडा रचला, आणि मुंबईच्या चाळीत बसलेल्या गिरणी कामगाराला हजारो कोसांवरच्या लढाईची खबर डफावर मिळाली. अमर शेख, गवाणकर आणि अण्णा भाऊ यांच्या कलापथकाने पुढे ही रीत महाराष्ट्रभर नेली. पवाड्यात एक बाजू घेतलेली असे, हे उघड आहे. पण शाहीर समोर उभा असे. त्याचे नाव ठाऊक असे. कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठून "हे तुला कोणी सांगितले?" असे विचारता येई. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपाला मात्र आईबाप नाही. तो 'पुढे आलेला' असतो, आणि आपण तो पुढे ढकलतो.

त्या मुलीने परिपाठात एक नवी शिस्त घातली आहे. बातमी आणणाऱ्या मुलाने चार गोष्टी सांगायच्या: हे कोणी पाहिले, कोठे घडले, केव्हा घडले, आणि सांगणाऱ्याला ते कसे कळले. उत्तर नसेल तर बातमी फळ्यावर लिहायची, पण पुढे प्रश्नचिन्ह काढायचे. चौथीतल्या एका मुलाने घरी आजोबांनाच हे चार प्रश्न घातले म्हणे. आजोबा रागावले, पण निरोप पुढे पाठवला नाही. आमच्या मते त्या दिवसाचा पाठ पूर्ण झाला.

आता त्या मिटलेल्या मुठीकडे परत येऊ. गाणे मोकळे करा, यंत्र मोकळे करा, बातमी तपासा, हे सारे आपण शिक्षकाला सांगतो. पण त्या शिक्षकाच्या चुलीचे काय? आपल्या राज्यात २००० सालापासून नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर राबावे लागते. प्राथमिक शाळेतले हे मानधन २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० करण्यात आले. सहा हजारांत खोलीचे भाडे देऊन जी बाई वर्गात उभी राहिली, तिच्याकडून आपण राष्ट्र घडवण्याची अपेक्षा केली! ज्याची नोकरी पक्की नाही, तो वरून आलेल्या कागदाला प्रश्न विचारत नाही. आणि प्रश्न विचारायला बिचकणारी शिक्षिका मुलांना प्रश्न विचारायला कसे शिकवणार?

२०२५ सालचेच पाहा. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा आदेश एप्रिलात निघाला, जूनमध्ये बदलला, आणि लोकांनी विरोध केल्यावर २९ जूनला मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली. बाजू कोणतीही घ्या. पण या मुलीने आम्हांला विचारले, "काका, सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा झेपतात हे ठरवताना पहिलीच्या बाईंना कोणी विचारले का हो?" एकट्या बाईंना कोणी विचारत नाही. संघटित बाईंना विचारावे लागते. कामगार चळवळ या व्याख्यानात कोठे आहे, याचे उत्तर आता आपल्याला मिळाले असेल. तिच्या पगाराची आणि हक्काची लढाई ही आपल्या मुलांच्या शिक्षणाचीच लढाई आहे.

म्हणून जाता जाता आपल्याला एक काम सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या. ही समिती पुष्कळ ठिकाणी फक्त सह्यांच्या वहीत असते. पुढच्या बैठकीला आपण जा. विचारा, आठवड्यात मुलांनी कोणते गाणे म्हटले? शाळेच्या संगणकातले लिखाण दहा वर्षांनी उघडेल का? परिपाठातली बातमी कोणी तपासली? आणि हे तीन प्रश्न विचारण्याआधी चौथा विचारा: बाईंचा पगार वेळेवर झाला का?