आधी खांब, मग रेषा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून मोठ्या विद्यार्थ्यांचा आहे. मी गणितात मागे, वर्गात मागच्या बाकावर. म्हणून आज सरांच्या गुणवर्णनाऐवजी त्यांचे एक वाक्य विसरल्यामुळे माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यासमोर मांडणार आहे.

१९६८ साली मी आठवीत होतो. क्रीडामहोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी खो-खोचे मैदान आखण्याचे काम सरांनी आम्हा चौघांवर सोपवले. सुतळी ताणण्याचा कंटाळा करून आम्ही नजरेच्या अंदाजाने फक्की ओढली. सरांनी येऊन पाहिले, तर एक खांब मध्यरेषेपासून वीतभर बाजूला रोवला गेला होता आणि तो चुकू नये म्हणून आम्ही रेषाच तिरपी नेली होती. सर रागावले नाहीत. त्यांनी खांब उपटायला लावला. "रेषा वाकवून खांबाची चूक झाकता येत नाही. आधी खांब, मग रेषा," एवढेच ते म्हणाले.

पुढे उद्यमबागेतील एका कारखान्यात उमेदवारी करून, पदविका घेऊन मी अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीस गेलो. तेथे माझे एक वयस्कर शेतकरी शेजारी होते. त्यांच्याकडे शेतात हिंडण्यासाठी फुगीर टायरांची एक जुनी तीनचाकी मोटार होती. होंडा कंपनीने १९७० साली अशी गाडी अमेरिकेत प्रथम विक्रीस आणली. अपघातांची संख्या वाढल्यावर १९८८ साली न्यायालयाने मान्य केलेल्या करारान्वये नव्या तीनचाकींची विक्री तेथे थांबली. जुन्या गाड्या मात्र शेतांतून फिरत राहिल्या. या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांचा आस एकसंध असतो. इंजिनाकडील लहान दातेरी चक्र, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट, साखळीने आसावरील मोठ्या स्प्रॉकेटला फिरवते, आणि आसाबरोबर दोन्ही चाके एकदम फिरतात.

१९९३ साली त्या गाडीचे इंजिन निकामी झाले. शेजाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या गाडीचे इंजिन मिळवले आणि ते बसवून देण्याचे मी आनंदाने पत्करले. बोल्टांची छिद्रे सांगाड्याशी जुळेनात, म्हणून मी नव्या पट्ट्या कापून इंजिन बसवले, साखळी चढवली आणि वाकून एका डोळ्याने पाहिले. सरळ दिसली. गाडी चालू लागली. आठवड्याने साखळीच्या आतल्या पट्ट्या एका बाजूने चकचकीत झालेल्या दिसल्या. नवेपणा झिजतो आहे, असे म्हणून मी साखळी आणखी ताणली.

मित्रहो, माझी खरी चूक ही दुसरी होती. पहिल्या चुकीने तोंड दाखवले होते आणि मी तिच्यावर ताणाची फक्की ओढली. पुढे दोन आठवड्यांनी एका उतारावर साखळी स्प्रॉकेटवरून उतरली, पुढच्या चक्राच्या आणि इंजिनाच्या कवचाच्या फटीत अडकली, आणि आस एकसंध असल्याने दोन्ही चाके एकाच क्षणी जखडली. शेजारी फेकले गेले. मनगट मोडले, डोके वाचले, हे त्यांचे नशीब आणि माझेही.

त्या रात्री मी त्यांच्या पडवीत गाडी उचलून धरली, साखळी काढून टाकली आणि प्रथमच मोजमाप केले. आधी मागचे चक्र फिरवून ते डुलत नाही याची खात्री केली. मग त्याच्या दातांच्या बाजूवर एक लांब सरळ पट्टी टेकवून ती पुढच्या चक्रापर्यंत नेली. पट्टी आणि पुढचे चक्र यांत ५ मिलिमीटर अंतर निघाले. चक्राच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही कडांशी ते सारखेच होते. याचा अर्थ दोन्ही चक्रे समांतर होती, पण एका प्रतलात नव्हती. दोन कडांशी अंतर वेगवेगळे आले असते, तर इंजिन अथवा आस तिरपा बसला आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. तो दोष वेगळा आणि त्याचा उपायही वेगळा.

दोन चक्रांत सुमारे ५०० मिलिमीटर अंतर होते. तेव्हा साखळी जेमतेम अर्ध्या अंशाने तिरपी होती. डोळ्याला ते दिसत नाही. पण तेरा दात्यांचे चक्र मिनिटाला हजार फेरे घेते तेव्हा साखळीच्या तेरा हजार कड्या त्यावरून जातात आणि प्रत्येक कडी दाताला बाजूने घासते. डोळ्याने क्षमा केलेला अर्धा अंश साखळी क्षमा करीत नाही.

सोपा उपाय समोर होता. पुढच्या चक्रामागे चकती घालून ते बाहेर सरकवायचे. पण मग दंडावरील खाचांत चक्राची पकड तेवढीच कमी झाली असती. म्हणजे पुन्हा रेषा वाकवणे. मी इंजिनच खाली उतरवले. नव्या पट्ट्यांत प्रथम लांबट छिद्रे पाडली, इंजिन ५ मिलिमीटर सरकवले, बोल्ट पूर्ण आवळून पुन्हा मोजले, कारण आवळताना इंजिन किंचित फिरते. पुढचे चक्र दंडावर थोडे आत-बाहेर खेळत होते. दोन्ही टोकांना मोजून मधली जागा धरली. मोजमाप जुळल्यावरच कायमच्या पट्ट्यांना गोल छिद्रे पाडली. लांबट छिद्रात बोल्ट ओढीखाली घसरू शकतो. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी टिकत नाही, म्हणून दोन्ही चक्रे आणि साखळी एकदमच बदलली. ताण देताना साखळीला मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर ढिलाई ठेवली. ताण देण्यासाठी मागचा आस सरकवावा लागतो, म्हणून त्यानंतर पट्टी पुन्हा एकदा लावली.

पट्टी लावताना माझ्या हातात सुतळी असल्याचा भास झाला, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे ते मैदान आठवले. चक्रे हे खांब होते आणि साखळी ही रेषा. मी पदविकाधारक, आठवीत शिकलेले मात्र विसरलो होतो.

शेजारी प्लास्टरमधला हात सांभाळीत आले आणि त्यांनी विचारले, "बिघाड कशात होता?" साखळी जुनी होती, असे सांगता आले असते, आणि त्यांनी ते मानलेही असते. मी म्हणालो, "बिघाड साखळीत नव्हता. इंजिन मी चुकीच्या जागी बसवले, आणि खूण दिसल्यावरही मोजले नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "तर आधी तुम्ही बसा." त्याच उतारावरून मी गाडी खाली नेली आणि वर आणली. तासाभराने साखळीच्या आतल्या पट्ट्या तपासल्या. कोठेही चकाकी नव्हती. मगच किल्ली परत केली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही यंत्रे जुळवतील, काही हिशेब, काही माणसे. चूक सर्वांच्याच हातून होते. पण तिची पहिली खूण दिसेल तेव्हा ताण वाढवू नका; थांबून मोजा, आणि खांब उपटावा लागला तर उपटा. आमच्या सरांनी त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबून खांब पुन्हा रोवून घेतला होता, आणि कंदील स्वतः धरला होता.

त्या कंदिलाला वंदन करून मी आपली रजा घेतो.