आत्महत्यांचे आकडे आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात संत तुकाराम नगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आनंदाच्या कार्यक्रमात मी मरणाचा विषय काढतो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. पण ज्या गोष्टीचा आपल्याला संकोच वाटतो तिची मोजदादही नीट होत नाही, आणि मोजदाद नसली की उपाय अंदाजानेच चालतात.

आपल्या देशात अपघाती मृत्यू व आत्महत्या यांचा सरकारी अहवाल १९६७ सालापासून निघत आला आहे. पोलीस ठाण्यातील नोंद जिल्ह्याकडे, तेथून राज्याकडे आणि शेवटी दिल्लीला जाते. हे आकडे वाचण्याची एक रीत आहे. २०१० साली देशात १,३४,५९९ आत्महत्यांची नोंद झाली. २०१८ साली १,३४,५१६. वरवर पाहता काहीच बदलले नाही. पण मधल्या काळात लोकसंख्या वाढली होती, म्हणून लाख माणसांमागचे प्रमाण ११.४ वरून १०.२ वर आले होते. पुढे ते चढत गेले आणि २०२२ मध्ये १२.४ झाले. त्या वर्षीची संख्या १,७०,९२४. कोणत्याही एका वर्षाचा आकडा हाती घेतला असता तर ही उतरण आणि चढण दिसलीच नसती.

रकान्यांचेही तसेच. रोजंदारीवरच्या माणसाला या अहवालात २०१४ पूर्वी स्वतंत्र रकाना नव्हता. त्या वर्षी १५,७३५ जण त्यात मोजले गेले, २०२१ मध्ये ४२,००४. यातली काही वाढ नोंद सुधारल्यामुळे असू शकेल. सगळी तशी असेल असे मला वाटत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी या रकान्याकडे डोळेझाक करू नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आपण बोलतो, आणि ते योग्यच आहे. सकाळी नाक्यावर उभा राहून काम न मिळता परतणाऱ्या माणसावर मात्र कोणी फारसे बोलत नाही.

हद्दीचीही एक गंमत सांगतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले. तोपर्यंत पिंपरी-भोसरी पुणे शहरात मोजली जात, चाकण-आळंदी पुणे ग्रामीणमध्ये. हे ठाऊक नसलेला माणूस पुण्याचे जुने-नवे तक्ते शेजारी ठेवील आणि पुण्यात आत्महत्या घटल्या म्हणून खूश होईल!

बंधुभगिनींनो, माणूस कोणत्याही एका कारणाने जीव देत नाही. घरचे ताण, आजार, कर्ज, दारू, एकटेपणा यांचा गुंता असतो. तरीही दीर्घकाळचे आकडे पाहून काही देशांनी वाट काढली आहे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास हे प्रमाण भयंकर होते. तेथे सर्वांत जहाल शेतीऔषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील वीस वर्षांत प्रमाण निम्म्याहूनही खाली उतरले. आपल्या राज्यात दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैतच होऊ लागली. पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष वाया जाई. मंडळाचा हा निर्णय मी फार मोलाचा मानतो.

आता मोजदादीतली उणीव. २०१० साली पोलिसांकडे सुमारे १,३४,००० आत्महत्या नोंदल्या गेल्या, तर घरोघरी जाऊन मृत्यूची विचारपूस करणाऱ्या अभ्यासाने त्याच वर्षाचा अंदाज सुमारे १,८७,००० दिला. मधली पन्नास हजार माणसे कुठे गेली?

त्यांतला एक मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा निकालानंतरच्या आठवड्यात गेला. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, कोणी विचारलं तर अपघातच सांगा. घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत." कागदावर अपघात लागला. मी गप्प राहिलो. त्या बापाला मी आजही दोष देत नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा कायद्याच्या पुस्तकात गुन्हा होता, आणि आपल्या समाजात तर जनाजाच्या वेळीही लोक कुजबुजतात. पण २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला असे मी वाचतो तेव्हा मनात येते, यांत आपल्या मुलासारखी किती मुले धरलेलीच नाहीत?

जुने कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांचे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. ते कागदावरून घरात आणण्याचे काम अर्थातच आपल्याकडे येते.

आम्ही शिक्षकांनी यंदा एवढे ठरवले आहे : निकालाच्या दिवशी आणि नंतरचे सात दिवस शाळेची एक खोली सकाळपासून उघडी राहील. नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी दोघे शिक्षक जातील, फेरपरीक्षेचा अर्ज बरोबर घेऊन. 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक गुणपत्रिकेच्या पाकिटावर छापला जाईल; मन जड झालेल्या कोणीही, पालकांनीसुद्धा, तो कोणत्याही वेळी फिरवावा. खोलीत पहिल्या दिवशी दुपारी बारापासून मी बसणार आहे. ज्या पालकांना वेळ असेल त्यांनी आपले नाव आज जाण्यापूर्वी कार्यालयात लिहून द्यावे.