सातबाऱ्यापलीकडची जमीन
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी एकच विषय ऐकतेय: कुणाच्या शेताला काय भाव आला, कुणाचं एनए झालं. आपल्यातले निम्मे जमिनीचे मालक आणि उरलेले प्लॉटचे गिऱ्हाईक! म्हणून जमिनीबद्दलच बोलते.

आपण जमीन सातबाऱ्यावर बघतो. पाणी मात्र सातबारा बघून वाहत नाही. पुण्यातला आंबिल ओढा कात्रजच्या डोंगराकडून येतो आणि भर वस्तीतून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला. भिंती पडल्या, माणसं गेली. डोंगरउतारावर होणाऱ्या बांधकामाचं पाणी शेवटी खालच्या वस्तीत येतं, हे त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

आता हिवरे बाजार बघा. नगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केलं, डोंगरावर चर खणले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. किती पाऊस पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. शेतं ज्याची त्याचीच राहिली, पाण्याचा निर्णय मात्र सगळ्यांचा झाला.

पण शहर अंगावर चालून येतं तेव्हा एका गावाची शिस्त पुरत नाही. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. कुठे शेती राहील, कुठे वस्ती होईल, रस्ता कुठून जाईल, हे प्रादेशिक योजनेत ठरतं. तिचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत कुणीही लेखी हरकत देऊ शकतं. आपल्याकडे बहुतेकांना ते कळतं मुदत उलटल्यावर!

आमच्या कामात आराखड्यातली चूक लवकर सापडली तर तासाभरात सुधारते; प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे गेल्यावर सापडली तर रात्री जागाव्या लागतात. जमिनीचं त्याहून अवघड. काँक्रीटखाली गेलेली काळी माती जागरण करूनही परत मिळत नाही.

आपल्या बॅचमध्ये ग्रामपंचायत सदस्य आहेत, वकील आहेत, शेतकरी आहेत, प्लॉट पाडणारेही आहेत. विकू नका, असं मी म्हणणार नाही. मुलांची शिक्षणं, दवाखाने कुणाला चुकलेत? पण विकण्याआधी आणि घेण्याआधी त्या गटातून जाणारा ओढा नकाशावर शोधा. पुढच्या ग्रामसभेला जा, योजनेचा नकाशा मागा, ओढा, तळं, गायरान त्यावर आहे का ते तपासा. नसेल तर हरकत लिहा. उपग्रहाचं चित्र आणि नकाशा एकावर एक ठेवून द्यायचं काम माझं. महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठेवलाय.

आणि सर, भूगोलाच्या तासाला मुलांना एकदा आपल्याच गावचा ओढा उगमापर्यंत चालत दाखवाल का? आम्हीही येऊ.