एका डोळ्याच्या रंगामागचं जनुक

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी इवलीशी फळमाशी, ड्रोसोफिला, तुम्ही पाहिली असेल. तिचे डोळे विटेसारखे लाल असतात. काही माश्यांचे मात्र तपकिरी, कारण त्यांच्यातलं ‘रोझी’ हे जनुक बिघडलेलं असतं. झँथीन डिहायड्रोजिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, याच जनुकामुळे तयार होतं.

या जनुकाचा नेमका कोणता भाग विकराची रचना ठरवतो? अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात आर्थर चोव्हनिक यांच्या गटाने याचा नकाशा काढला, तोही डीएनएचा क्रम वाचण्याची सोय हाती येण्याआधी. दोन वेगवेगळे बिघाड असलेल्या माश्यांचा संकर करायचा. त्यातून जन्मलेल्या मादीच्या पेशीत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होताना क्वचित एखादं निर्दोष जनुक जुळून येतं. पण ते हजारोंत शोधायचं कसं? त्यांनी या मादीच्या अळ्यांच्या खाद्यात प्युरीन मिसळलं. विकर नसलेल्या अळ्या त्याने मरतात. जगते ती निर्दोष जनुकाची. किती जगल्या, यावरून दोन बिघाडांमधलं अंतर कळतं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

पुढे, जेलमध्ये विजेच्या प्रवाहात कमी-अधिक वेगाने सरकणारे विकराचे प्रकार घेतले. हा फरक विकराच्या रचनेतलाच, म्हणून त्याची जागाही जनुकाच्या ती रचना ठरवणाऱ्या, म्हणजे सांकेतिक, भागातच असणार. अशा जागा नकाशावर मांडत त्या भागाची व्याप्ती ठरत गेली. 1987 मध्ये या जनुकाचा क्रम प्रसिद्ध झाला.

माणसातही हे विकर असतं आणि ते युरिक ॲसिड बनवतं. गाउटच्या रुग्णांना दिलं जाणारं ॲलोप्युरिनॉल त्यालाच रोखतं.