शेअरची साखर आणि माझा चहा

दुपारची भांडी आवरून, रेडिओ खिडकीत ठेवून तुम्ही बसला असाल, आणि बऱ्याच जणींच्या चुलीवर आता चहाचं आधण असेल. ते उतरवू नका. चहा होऊ द्या. आज मी चहातल्या साखरेबद्दलच बोलणार आहे, आणि तेही शहाणपण शिकवायला नाही. मी स्वतः गेले नऊ महिने या साखरेशी भांडते आहे. कधी मी जिंकते, कधी ती.

माझं माहेर कराडकडचं, सासर वाळवा तालुक्यातलं. म्हणजे जन्मापासून मी उसातच आहे. इकडे रेठऱ्याचा कृष्णा, तिकडे यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा. आमच्या भागात माणूस पत्ता सांगताना गावाआधी कारखाना सांगतो. साखराळे या गावाच्या तर नावातच साखर आहे! लहानपणी गुऱ्हाळावर गेलं की गरम काकवी पत्रावळीवर मिळायची, बोट भाजायचं आणि तरी चाटायचो. साताऱ्याहून कुणी आलं की कंदी पेढे. आजारी माणसाला भेटायला जाताना सुद्धा आपण बिस्किटाचा पुडाच नेतो.

आणि मग शेअरची साखर. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर शेअर आहे. सभासदाला सवलतीत साखर मिळते, दिवाळीच्या आधी ती घेऊन माणसं टेम्पोतून घरी येतात. दुकानातून आणलेली साखर बाई जपून वापरते. शेअरची साखर मात्र पिंपात भरलेली असते, तिला हिशेब नसतो. "घरचीच हाय की," असं म्हणून वाटीनं घेतली जाते. मी बचत गटाची समन्वयक. पंधरा गटांतल्या बायकांना दहा रुपयांचा हिशेब लिहायला शिकवते. पण माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या पिंपाचा हिशेब मी बारा वर्षांत एकदाही केला नव्हता.

तो करायची वेळ कशी आली ते सांगते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात साखर वाढली होती. ग्लुकोजचं गोड पाणी पाजून रक्त तपासतात, त्यात ती सापडली. बाळ झालं, साखर उतरली, सगळे पेढे वाटून मोकळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरोदरपणात ज्यांची साखर वाढते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा दरवर्षी तपासत जा. मी मान हलवली आणि पाच वर्षं तपासलं नाही. दुसऱ्यांच्या तपासणी शिबिराला मीच बायका गोळा करायची. स्वतः रांगेत उभी राहायची नाही, वेळ नाही म्हणून.

गेल्या वर्षी एका शिबिराला बायका कमी आल्या, मोकळी होते म्हणून हात पुढे केला. बोटावरची साखर जास्त आली. मग शिरेतून रक्त दिलं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घेतली. ५.७ च्या आत असावी लागते, ६.५ किंवा वर गेली तर मधुमेह. माझी ६.२. म्हणजे उंबरठ्यावर. वय छत्तीस. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण डोळ्यासमोर आमची आजेसासू होती. तिच्या पायाची जखम भरली नाही, आधी अंगठा गेला, मग पाऊल. ती शेवटची दोन वर्षं ओसरीवर बसून माझ्या थोरलीला हाका मारायची, पण तिला दिसायचं नाही.

मी एकटी नाही, हेही नंतर कळलं. २०२३ साली देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात भारतात मधुमेहाची दहा कोटींहून जास्त माणसं, आणि माझ्यासारखी उंबरठ्यावरची साडेतेरा कोटींच्या आसपास. यातल्या पुष्कळांना आपण उंबरठ्यावर आहोत हे ठाऊकच नसतं, कारण दुखत काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या लाडवांचा वजनकाटा घरी आणला. आमच्या डब्यातला चमचा शीग लावून भरला आणि तोलला. सात ग्रॅम. पुस्तकातला चमचा सपाट असतो, त्यात चारेक ग्रॅम बसतात. आपण काय सपाट चमचा घालतो होय! घरात तीन कप आणि मीटिंगा फिरताना चार घरचे चार कप, असे सात. कपाला दीड चमचा. दिवसाला त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर ग्रॅम झाले. महिन्याला सव्वादोन किलो. वर्षाला अर्ध्या पोत्याहून जास्त साखर मी एकटी, नुसत्या चहातून पीत होते. बिस्किटं, शिरा, सणाची पोळी हे त्यात धरलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीसेक ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे माझे साडेतीन चमचे.

झालं. मी ठरवलं, उद्यापासून साखर बंद. एकदम.

पहिला दिवस जोरात गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पोरांवर विनाकारण ओरडले. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता घरात कुणी नव्हतं. मी पिंपाचं झाकण काढलं आणि मूठभर साखर तशीच तोंडात टाकली. उभ्या उभ्या. मग दुसरी मूठ. मैत्रिणींनो, हे मी रेडिओवर सांगते आहे, कारण हे करणारी मी एकटीच आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर गटात बोलले तर एक म्हणाली, "मी दिवाळीच्या लाडवाचा पाक चाटते." दुसरी पोरांच्या डब्यातली चॉकलेटं खाऊन कागद चुलीत घालते. शुगरची गोळी चालू असलेली एक आजी उशाखाली गुळाचा खडा ठेवते. सगळ्या हसलो, आणि मग थोड्या गप्प झालो.

माझी चूक कुठे झाली ते हळूहळू उमजलं. मी साखर तर बंद केलीच, पण सकाळी नेहमीसारखीच नुसत्या चहावर निघत होते. आधी चहातली साखर तरी दोन तास ढकलत होती, आता तीही नाही. उपाशीपोटी गोड चहा घेतला की रक्तातली साखर भरकन चढते, मग शरीर ती खाली आणतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा काहीतरी गोड हवं असं वाटतं. हा रहाटच आहे. तो थांबवायचा तर पोटात आधी काहीतरी टिकणारं पाहिजे. आता मी घरातून निघण्याआधी खाते. कधी मटकीची उसळ आणि भाकरी, कधी थालीपीठ आणि दही, कधी नुसते मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक उकडलेलं अंडं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा म्हणाल्या, "बाईमाणसानं सगळ्यांच्या आधी जेवायचं व्हय गं?" मी म्हटलं, आत्या, मीटिंगला जाऊन चक्कर येण्यापरीस बरं. आता त्याच ताट वाढून ठेवतात.

साखर मी मग टप्प्यानं कमी केली. दीड चमच्याचा एक, तोही सपाट. पंधरा दिवसांनी अर्धा. जीभ शिकते, पण तिला वेळ लागतो. सुरुवातीला अर्ध्या चमच्याचा चहा मला औषधासारखा लागायचा. दोन महिन्यांनी एका घरी नेहमीचा चहा प्याले तर तो काकवीसारखा वाटला, पिववेना. त्या दिवशी मला फार आनंद झाला. सात कपांचे तीन झाले. चहाच्या जागी काही घरी ताक मागते, काही ठिकाणी साधं पाणी.

तलफ मात्र येतेच. ती नाही येणार असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझी तलफ दुपारी तीन ते चारच्या मध्ये येते, पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त, आणि आदल्या रात्री झोप झाली नसेल तर हमखास. ती वीस मिनिटांहून जास्त टिकत नाही, हे मी घड्याळ लावून बघितलंय. ती वीस मिनिटं घालवायची कशी एवढाच प्रश्न. मी तांब्याभर पाणी पिते आणि परड्यात जाते. पेरू असला तर पेरू खाते, फळ अख्खं खाल्लेलं चालतं. फुटाणे चावते. एकदा तर गटाची सगळी पासबुकं पुन्हा तपासून काढली, त्यात साठ रुपयांची चूक सापडली!

पण एक गोष्ट या तीन वाजण्यानंच मला दाखवली. दिवसभरात मी स्वतःसाठी बसते ती फक्त त्या चहाला. पहाटे पाचपासून पळापळ, तीन वाजता कप हातात घेऊन उंबऱ्यात दहा मिनिटं. माझं मन साखरेला जेवढं हपापलं होतं, तेवढंच त्या बसण्याला. साखर सोडताना मी चहा सोडला, चहाबरोबर बसणंही सोडलं, आणि मग मूठ पिंपात गेली. आता चहा बिनसाखरेचा असतो, पण मी बसते. घरच्यांना सांगून ठेवलंय, या वेळेला मला हाक मारायची नाही.

लोकांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. पाहुण्याच्या घरी "मला बिनसाखरेचा" म्हटलं की लगेच, "का हो, शुगर हाय व्हय?" आणि तो आवाज असा की जणू काही घराण्याला डाग. एक तरुण बाई मला म्हणाली, "ताई, पोरीचं लग्न व्हायचंय, लोकांना कळाय नको." म्हणून ती चारचौघांत गोड चहा पिते आणि घरी जाऊन गोळी घेते. याचा मला राग येतो. आमच्या गटांत आता साखर वेगळ्या वाटीत येते, चहा सगळ्यांना कोरा. ज्याला हवी त्यानं घालावी, विचारायचं नाही. कुणाला काय आहे ते कुणाला कळतही नाही.

गुळाबद्दल सारखं विचारतात. गूळ आपला आहे, कराड-सांगलीचा आहे, चव चांगली, मला प्रिय आहे. पण रक्ताला तो साखरच आहे. मधही तसाच. चहात साखरेऐवजी गुळाचा मोठा खडा टाकून समाधान मानू नका. डब्यावर "शुगर फ्री" लिहिलेल्या गोळ्याही मी घेत नाही, कारण जिभेला गोडाचीच सवय राहते.

एक सावधगिरी मात्र नीट ऐका. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी माझं ऐकून जेवणखाण अचानक बदलू नये. आधी डॉक्टरांशी बोला. साखर फार खाली गेली की घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा लगेच साखरच खावी लागते. अशांनी पदराच्या गाठीला दोन चमचे साखरेची पुडी बांधून ठेवावी.

आणि उसाच्या फडातल्या बाईबद्दल. आमच्या भागात बीडकडच्या टोळ्या येतात, पहाटे कोयता हातात घेतात, मोळ्या डोक्यावरून वाहतात. तिच्या हातातल्या गोड चहाबद्दल मी अवाक्षर बोलणार नाही. ती जेवत नाही म्हणून तो चहा पिते. तिला साखर सोड सांगण्याआधी भाकरीची सोय बघावी लागेल.

आमचीही कोंडी आहेच. घरात उसाचं बिल येतं तेव्हा थोरलीची फी भरली जाते. आमचा गट दिवाळीत लाडू आणि करंज्या विकतो, गणपतीत मोदक. गोड करायचं, विकायचं आणि आपण खायचं नाही, हे कसं? यंदा आम्ही एवढंच केलं की पाकाची चव बघायचं काम रोज एकीकडेच, पाळीनं. आणि शेंगदाण्याची चटणी, भडंग यांचीही पाकिटं काढली. भडंग लाडवांपेक्षा लवकर संपला. संक्रांतीला मी तिळगूळ खाते. पुरणपोळी खाते, एक, तुपासकट, बसून, मन लावून. पूर्वी मी सणाला चार खायची आणि एकीचीही चव आठवायची नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ६.२ चे ५.९ झाले. उंबरठ्यावरच आहे, पण अर्धं पाऊल मागे. मागच्या महिन्यात भावाच्या लग्नात तीन दिवस सगळं सोडून दिलं होतं, तेव्हा पुढचा आकडा काय येईल ते बघू.

यंदाची शेअरची साखर आली तेव्हा आत्यांनी पिंप न भरता अर्धं पोतं तसंच बांधून माळ्यावर टाकायला लावलं, आणि डब्यात सपाट चमचा ठेवला. मला काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी, "माझीबी बघून घे एकदा," म्हणाल्या. आता पुढच्या मंगळवारी मी त्यांना आरोग्य केंद्रात नेणार आहे. तिशी ओलांडलेल्या कुणाचीही साखर तिथे तपासतात, आशाताईला विचारा, त्या वार सांगतील. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी असेल तर उपाशी जावं लागत नाही. तेव्हा भाकरी खाऊनच निघा.