चॅटमध्ये राहिलेली शंका

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचा वर्ग मोबाइलवर आला. मी रात्र रात्र बसून स्लाइड करायचो, प्रत्येक तास रेकॉर्ड करून पाठवायचो. सत्र संपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म दिला. जवळजवळ सगळ्यांनी ‘समाधानी’ लिहिलं. मी खूश!

मग परीक्षेला न बसलेल्या एका मुलीला फोन केला. तिनेही ‘समाधानी’च लिहिलं होतं. मी विचारलं, “मग परीक्षा का सोडलीस?” ती म्हणाली, “सर, दुसऱ्या आठवड्यात चॅटमध्ये एक शंका विचारली होती. उत्तर आलं नाही. पुढचं मग कळेनासंच झालं.”

“हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस?”

“फॉर्मवर नाव होतं, सर.”

मी जुनं चॅट उघडलं. शंका तिथेच होती. दोन मिनिटांत सुटली असती.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर सांगतात, की दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची आखणी किती घट्ट आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती शिकू शकतो, यावर ते ठरतं. माझी आखणी चोख होती. संवाद मात्र नव्हता.

आज आपल्याकडे साधनांची वाण नाही. 2017 पासून ‘स्वयम्’ आहे. ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या, फुकट ऐकता येतात. पण तिथेही नुसते व्हिडिओ ठेवून भागत नाही. दर आठवड्याला स्वाध्याय असतो, शंका विचारायला चर्चामंच असतो. मुलं त्या आधारानेच टिकतात.

आता मी तीन गोष्टी करतो. व्हिडिओ पंधरा मिनिटांच्या आत संपवतो. प्रत्येक शंकेला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर देतो. येत नसेल तर तसं सांगतो. आणि अभिप्राय निनावी घेतो, तोही सत्राच्या मध्यावर, म्हणजे सुधारायला वेळ मिळतो.

त्या मुलीने पुढच्या वर्षी परीक्षा दिली. तिचं एक वर्ष मात्र गेलं, ते मी परत देऊ शकत नाही.

तुम्ही ऑनलाइन शिकवत असाल, तर आज एवढंच करा. जुनं चॅट उघडा आणि कुणाची शंका राहिली आहे का, ते बघा.