हंडा, झरा आणि सातबारा
(युवक शिबिरातील भाषण)



एका वर्षी वीस मार्चला आम्ही काही पोरं भोरवरून वरंध घाटानं महाडला उतरत होतो. घाटात रस्त्याच्या कडेला कातळातून पाणी येत होतं. कुणीतरी पन्हळ लावलेली. ट्रकवाले, गाडीतली कुटुंबं, निळे झेंडे घेतलेले आपण, सगळे एकाच धारेखाली. बाटल्या भरल्या, तोंडं धुतली. आमच्यातला एकजण म्हणाला, "बघ, निसर्गाला जात नसते. हितं कोण इचारतंय?"

मला आजी आठवली.

आजीच्या गावालाही सडकेच्या कडेला झरा. वरचं डबकं गावाचं, खालचं आपलं. वर गावाची भांडी बुडायची, धुणं व्हायचं, मग ते पाणी ओघळून आपल्याकडं. आजी पदरानं गाळून हंडा भरायची. म्हणायची, "पानी उताराकडं जातंय बाबा, आन् उतारावर आपल्यालाच बसिवलंय."

निसर्गाला जात नसेल. पण पाण्याच्या वाटेवर बसलेल्या माणसाला असते. घाटातल्या धारेवर कुणी जात विचारत नाही, कारण तिथं कुणाला राहायचं नाही. पाच मिनिटांचा शेजार. राहायची वेळ आली की हंडे वेगळे होतात.

हा इतिहास पाठ करून ठेवा. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर! तळ्यावर पहारा होताच. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना स्वतः ओंजळ भरावी लागली. त्या ओंजळीबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली आणि तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' झालं. कोर्टातला शेवटचा निकाल लागला १९३७ साली. एका ओंजळीला दहा वर्षं!

आता घटनेचं १५ वं कलम आहे. सरकारी पैशानं राखलेल्या किंवा लोकांसाठी सोडलेल्या विहिरी, तलाव, रस्ते यांवर कुणाला अडवता येत नाही. १७ व्या कलमानं अस्पृश्यताच गुन्हा ठरली. पण आज अडवणारा माणूस काठी घेऊन उभा राहत नाही. तो सातबारा घेऊन उभा राहतो.

कसा, ते ऐका. सह्याद्रीचा कातळ थरांचा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, घट्ट थर लागला की आडवा सरकतो आणि जिथं उतार किंवा रस्त्याची खोदाई तो थर कापते तिथं बाहेर पडतो. त्याला आपण झरा म्हणतो. म्हणजे झरा सडकेवर दिसतो, पण त्याचं पाणी वरच्या जमिनीत असतं. ती जमीन कुणाची? १८८२ चा इंग्रजांचा सुविधाधिकार कायदा सांगतो, आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाचा. २००९ साली राज्यानं भूजलाचा कायदा केला, बंधनं घातली. पण ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही, त्यानं पाण्यावर कुठल्या कागदानं हक्क सांगायचा?

आजीच्या झऱ्यावर मी घड्याळ लावून बसलो. पावसाळा सरताना पंधरा लिटरचा हंडा पाऊण मिनिटात भरला. म्हणजे दिवसाला २८,८०० लिटर. सरकारी हिशोब माणशी ५५ लिटरचा. पाचशेवर माणसांचं पाणी. पुढं वरच्या माळावर बंगले झाले, बोअर पडले. त्यानंतरच्या एप्रिलात त्याच हंड्याला पाच मिनिटं लागली. दिवसाला ४,३२० लिटर. अठ्ठ्याहत्तर माणसं! उन्हाळ्यात झरा आटतोच, हे मलाही कळतं. पण म्हाताऱ्या सांगतात, इतका कधी आटला नव्हता. बोअरनं किती नेलं आणि उन्हानं किती, हे सांगायला आपल्याकडं मागच्या वर्षांची एकही नोंद नाही. आपण कधी मोजलंच नाही. इथंच आपण मार खातो.

म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसते फोटो काढू नका. हंडा घ्या, घड्याळ घ्या, दर महिन्याला झरा मोजा, वहीत लिहा. वरच्या जमिनीचा सातबारा काढा. पाणी तपासायला द्या. वर संडासाचे खड्डे असतील तर आरशासारखं पाणीही जुलाब देतं. तोवर उकळून प्या. आणि ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. तिथं तुम्हाला खाली बसा म्हणतील. बसू नका.

आजी गेली. तिचा हंडा माझ्या चाळीतल्या खोलीत आहे. शोभेला ठेवलेला नाही. येत्या एप्रिलात तो पुन्हा झऱ्याखाली लावायचा आहे. कोण कोण येतंय, हात वर करा.

जय भीम.